मौर्यांचा तास

“मिस, बट हाऊ डिड इट एन्ड?”

पर्णिकाने हात वर न करताच विचारलं. फळ्यावर सम्राट अशोक अजून जोरात होता आणि ऱ्हासाच्या धड्याला महिनाभर अवकाश होता. पण पर्णिका उद्याच कायमची भारतात चालली होती. तेलाचे भाव पडलेलं ते अठ्ठ्याण्णव साल. वडिलांची नोकरी गेली, व्हिसा रद्द झाला आणि घरातलं सामान खोक्यांत भरून झालं होतं.

आखातातल्या उम्म अल कुवैनच्या त्या भारतीय शाळेत शोभनाबाई इतिहास शिकवत. वर्षाच्या मध्येच बाक रिकामा होणं त्यांना नवं नव्हतं. मुलांत फार जीव गुंतवायचा नाही, असं त्या दर एप्रिलला ठरवत आणि दिवाळीपर्यंत ते मोडलेलं असे.

त्यांनी पुस्तकाची पानं भराभर उलटली. “चला, आज मौर्यांना खलास करू.”

वर्ग हसला. बाई अशोकाच्या वारसांवर आल्या. तिजोरी आटली, प्रांत एकेक करून फुटले, शेवटच्या राजाला त्याच्याच सेनापतीने सैन्यासमोर मारलं. एवढ्यात सुपरवायझर यूनुस सर दारात येऊन उभे राहिले.

“मॅडम, ये तो सेकंड टर्म का चॅप्टर है.”

“सर, एक बच्ची कल जा रही है. आधी कहानी लेके कैसे जाएगी?”

यूनुस सरांनी पर्णिकाकडे पाहिलं आणि दार हलकेच ओढून घेतलं. त्यांनीही अशी पुष्कळ मुलं निरोप देऊन पाठवली होती.

“अँड द पीपल, मिस? व्हेअर डिड दे गो?”

“कुठे जातील? राजा गेला. लोक तिथेच राहिले. शेतं कसत, बाजार भरवत.”

“दे डिडन्ट हॅव टु लीव्ह?”

“नाही गं बाळा.” नको तेच आपण बोलून बसलो, असं शोभनाबाईंना वाटलं.

पर्णिका मान खाली घालून नकाशा रंगवत राहिली. घंटा झाल्यावर तो टेबलावर ठेवून, “बाय, मिस,” म्हणत ती रोजच्यासारखी बसकडे धावली.

बाईंनी नकाशा उचलला. मौर्यांचं राज्य हिरवंगार, रंग कुठेही रेघेबाहेर गेलेला नाही. फक्त डाव्या कडेला तिने वहीच्या कागदाची एक पट्टी सेलोटेपने जोडली होती. पट्टीवर निळा समुद्र, समुद्रापलीकडे लहानसा ठिपका आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं, ‘माय हाउस’.

बाईंनी दहापैकी दहा दिले. नकाशा बोर्डवर लावला तेव्हा पट्टी चौकटीबाहेर आली. त्यांनी ती दुमडली नाही. टेपचा आणखी एक तुकडा तोडून ती भिंतीवर नीट चिकटवली.