उचलून नेलेली नर्स

बावीस वर्षं एका खासगी दवाखान्यात नर्स म्हणून राबून जाहेदा पार शिणली होती. शहरातल्या रोशनगेट मोहल्ल्यातल्या घरी येऊन पडली तरी कानात मशीनची टिकटिक चालूच राहायची. तेवढ्यात कळलं, नर्मदेकाठच्या एका पावरा आदिवासी पाड्यावर राहून काम करायला एका संस्थेला नर्स हवीय. तिनं राजीनामा दिला.

"आपा, वहाँ तो लाइट भी नहीं," धाकटा भाऊ जुनेद म्हणाला.

"म्हणूनच चालले," ती म्हणाली.

धडगावच्या पुढं डोंगर उतरून नदी गाठायची, मग बोटीनं दोन तास. पाड्यावरच्या पारूबाई सुईणीनं आपल्या कुडाच्या घरात तिला जागा दिली. शांतता मिळाली, विसावा नाही. एकेक घर एकेका टेकडीवर. पारूबाईसारखे दोघंतिघं मराठी बोलायचे, बाकीच्यांची पावरी बोली तिला कळेना. दोन महिन्यांत तिला वाटू लागलं, आपण नुसती जागा बदलली.

भादव्यात तिला स्वतःलाच मलेरिया झाला. पोटात गोळी ठरेना. नदी फुगलेली, बोट बंद. तेव्हा बोटवाल्या मोतीरामनं बांबूला गोधडी बांधून झोळी केली आणि आणखी तिघांना बोलावलं.

"मी चालते," जाहेदा पुटपुटली.

"उभी तरी ऱ्हाशील का?" पारूबाई म्हणाली. "पड गप."

डोंगरावरून धडगावपर्यंत सात तास चढ. निसरडी वाट, दर थोड्या वेळानं खांदापालट. त्यांची धाप ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लई जड हाय मी, माफ करा," ती सारखी म्हणायची.

"म्हशीपेक्षा हलकी हायेस," मोतीराम म्हणाला. सगळे हसले. जाहेदाला रडू फुटलं. आजवर तिला असं कुणी उचललंच नव्हतं.

धडगावच्या दवाखान्यात जुनेद आला. "बस हो गया आपा. घर चलो."

ती गेली. भावजय लाइबानं खिचडी नि चिंचेचा खट्टा खाऊ घातला, पाय चेपले. तीन आठवड्यांनी जाहेदानं पुन्हा बॅग भरली.

"असं काय ठेवलंय तिथं?" लाइबानं विचारलं.

"काय नाय गं. तिथंबी थकायचंच हाय. पण त्यांनी मला डोंगर चढवून आणलं. मी आता त्यांची हाय."

ती पोचली तेव्हा पारूबाई मका खुडायला गेली होती. जाहेदानं दार ढकललं, कुडाला टेकून बसली आणि बसल्या जागीच तिला झोप लागली.