बुटाच्या नाड्या

बाळांनो, एक जड दार डोळ्यांसमोर आणा. बिजागऱ्या गंजल्या आहेत, आणि पलीकडे जायचं तर ते दिवसभर ढकलावंच लागतं. सुरुवातीला काही वाटत नाही. पण वर्षानुवर्षं ढकलाल, तर खांद्यांचं काय होईल? ते दार ध्यानात ठेवा आणि चला साळुंकीच्या घरी.

हे काही तिचं खरं नाव नव्हे. तोंडाचा पट्टा थांबत नसे, म्हणून बाबांनी ठेवलेलं. बाबा दगड कापायच्या कारखान्यात होते. करवतीखालून उडणारी पांढरी भुकटी त्यांच्या भुवयांवर बसे. ती झटकता येई. छातीत बसलेली येत नसे. अलीकडे जिना चढताना ते मध्येच कठड्याला टेकत आणि म्हणत, "हा जिनाच म्हातारा झालाय."

आई शिवणकाम करी. बाबांच्या विजारीची कंबर तिने पुन्हा उसवून सैल केली, तेव्हा ती खुशीत होती. "लग्नात नुसती काठी होती काठी! आता कुठे माझं जेवण अंगी लागतंय."

"तुझ्या हाताची चव," बाबा पोटावरून हात फिरवत म्हणाले.

वाकलं की त्यांना धाप लागे, म्हणून बुटाच्या नाड्या बांधायचं काम साळुंकीकडे होतं. एका सकाळी पाय बुटात शिरेचना. तिने घोट्याजवळ अंगठा दाबून पाहिला. उचलला, तर खळगा तसाच. ओल्या मातीत बोट रुतावं तसा.

"बाबा, हे काय?"

"काही नाही गं. आईला सांगू नकोस. उगाच घर डोक्यावर घेईल."

आणि आपली बडबडी साळुंकी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली.

त्याच आठवड्यात बाबा जिन्यात कोसळले. ओठ निळे, मानेची शीर दोरीसारखी फुगलेली.

"हे मांस नाही, पाणी आहे," दवाखान्यात डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या. "हृदयाची उजवी बाजू फुप्फुसांत रक्त ढकलते. भुकटीने फुप्फुसं ताठरलीत. ढकलून ढकलून ती बाजू थकली, सैल पडली. मग रक्त मागे तुंबतं आणि पाणी पायांत, पोटात उतरतं."

दार आठवलं ना?

"पण बरे होतील ना?" आईने विचारलं.

बाई म्हणाल्या, "पाणी उतरवू. गेलेली ताकद मात्र परत यायची नाही. पुन्हा धुळीत गेले, तर उरलीसुरलीही जाईल. थोडं आधी आणायला हवं होतं."

आई आपल्या हातांकडे बघत राहिली. साळुंकीने अंगठा मुठीत लपवला.

बाबा घरी आले ते निम्मे होऊन. विजार पट्ट्याने आवळावी लागे. एका सकाळी आतल्या खोलीत शिवणयंत्र खडखडत होतं, तेव्हा त्यांनी बूट बाहेर काढून त्यांत पाय घातले.

"बघ, कसे झटक्यात बसले! झालो की नाही बरा? बांध लवकर. आणि आईला..."

"सांगू नको. हो ना?"

बाबा हसले. उत्तर द्यायला दम पुरला नाही.

साळुंकी खाली बसली. तिने नाड्या बांधल्या नाहीत. एकेका भोकातून ओढून पार बाहेर काढल्या, मुठीत गुंडाळल्या, आणि यंत्राच्या खडखडाटावर आवाज चढवून ओरडली, "आई! बाबा कारखान्यात चाललेत!"