शाहिराचा दहावा

तानुबाईने वांग्यांचे पारडे गिऱ्हाइकाच्या पिशवीत रिकामे केले आणि वर पाहिले, तर समोर मोतीराम उभा. शेषराव शाहिराचा डफवाला. सुलतानपूरच्या बाजारात तोंड वर करून यायची याची हिंमत झाली कशी, हेच आधी तिला कळेना.

"वांगे संपले," ती म्हणाली. टोपलीभर वांगी पुढ्यात होती.

"वांग्यासाठी नाही आलो, बाई. शाहिराचा दहावा हाय आज. पिंडाले कावळा शिवून नाही राह्यला. सकाळपासून लोकं नदीवर खोळंबले. हिंमतरावांनं जीप धाडली तुमच्यासाठी."

"मले काऊन?"

मोतीराम पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. "त्याचा जीव तुमच्यापाशी अडकला, म्हनते लोकं. माफ केलं, एवढं म्हना फक्त."

फक्त! याच बाजारात शेषरावाने तिचा हात धरला होता आणि तिने सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत ठेवून दिली होती. महिन्याभरात त्याने गाणे रचले, 'सुलतानपूरची तानू'. ही बाई वांगी विकते, तसे बाकीचेही विकते, असा त्याचा मतलब. मेहकरपासून लोणारपर्यंत एक जत्रा त्या गाण्यावाचून गेली नाही. नवऱ्याने तिच्याशी बोलणे टाकले ते मरेपर्यंत. पोरीची ठरलेली सोयरीक मोडली. शेवटी पोरगी दोन लेकरांच्या बिजवराला द्यावी लागली. सासरी आजही कोणी ते गाणे गुणगुणले, की पोरगी माहेरी येऊन रडते.

आणि ज्याने हे केले, त्याला तरी लोकांनी कुठे जीव लावला होता? रात्री त्याच्यापुढे गर्दी करायची आणि सकाळी त्याच्या नावाने थुंकायचे. दारूडा म्हणायचे, दुसऱ्याची बायको पळवणारा म्हणायचे. खोटेही नव्हते ते. हिंमतरावांनी तर त्याला जत्रेतून जोडे मारून हाकलले होते. धर्मशाळेच्या ओट्यावर तो मेला, तेव्हा तोंडात पाणी घालायला कोणी नव्हते. पण मेला मात्र, आणि चार दिवसांत शेषऱ्याचा शाहीर शेषराव झाला!

तानुबाईने टोपलीवर पोते टाकले, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितले आणि ती जीपमध्ये जाऊन बसली.

पैनगंगेच्या काठी ही गर्दी! पिंड मांडलेला, बाभळीवर कावळे बसलेले. शाहिराचा भाऊ अर्जुनराव डोके भादरून ओलेत्याने हात जोडून उभा. शाहिराच्या नावाने ओटा बांधू, जत्रेत पहिला मान त्याच्याच गाण्याला देऊ, असे सगळे कबूल करून झाले होते. कावळे मान वाकडी करून ऐकत होते, हलत नव्हते.

जिल्हा परिषदेचे सभासद हिंमतराव कडक इस्त्रीच्या टोपीत पुढे आले. "या, तानुबाई. लई मोठा मानूस गेला आपल्यातून."

"त्याले जोडे कोनं मारले होते?"

हिंमतराव खाकरले. "जुन्या गोष्टी हायेत त्या. मेल्या मानसाचं वाईट बोलू नाही."

"अन् जित्त्या बाईचं चालते?"

अर्जुनराव वाकून तिच्या पायाशी आला. "बाई, दादाच्या वतीनं मी पाय धरतो. माफ करा त्याले."

तिने पाय मागे घेतले. "आंधी माह्यं ऐका. ते गानं आजपासून बंद. कोनी म्हनाचं नाही, वाजवाचं नाही. नदीचं पानी हातात घेऊन सांगा."

अर्जुनरावाने हिंमतरावांकडे पाहिले.

"असं कसं, बाई?" हिंमतराव म्हणाले. "तेच तं त्याचं खरं गानं. नागपूरचे रेडिओवाले भरून घ्याले येऊन राह्यले ते. ते गेलं तं शाहिराचं मागं राह्यते काय?"

"म्हनूनच."

तेव्हा कुठे लोकांना कळले, ही बाई कशाला आली आहे ते. शेषराव पुरता मेलाच नव्हता अजून. तिला तो आज, इथे, ह्यांच्याच हातून मारायचा होता.

ऊन चढले. घरी जेवणाची पाने खोळंबलेली. उपाशी पोटी भक्ती किती टिकणार! शेवटी मोतीरामच पाण्यात उतरला आणि ओंजळ भरून म्हणाला, "माह्या डफावर ते गानं पुन्हा नाही वाजनार." मग अर्जुनराव. सगळ्यांत शेवटी हिंमतराव, कडू औषध घेतल्यासारखे तोंड करून. "बरं. नाही होनार ते गानं गावात."

"जिल्ह्यात."

"जिल्ह्यात."

माफ तर ती तरीही करणार नव्हती. वचन घ्यायचे आणि पाठ फिरवायची; पिंड वाळू दे तिथेच, जीव अडकू दे त्याचा कायमचा. जीपमध्येच तिने हे ठरवले होते. तिने पाठ फिरवली. मागे पंख फडफडले.

"शिवला! शिवला!"

ती वळली. कावळा पिंडावर होता; दुसराही उतरत होता.

अर्जुनराव लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. "दादाले हेच पाह्यजे होतं, माय. हेच बंद व्हाले पाह्यजे होतं."

हिंमतरावांनी टोपी काढून डोळे पुसले, आणि ते खरोखरच ओले होते. "पाहा लेकहो! सोताचं नाव पुसलं, पन बाईच्या अंगावरचा डाग घेऊन गेला. एवढं मोठं मन कोनाचं असते?"

कोणीतरी जयजयकार केला. सगळा काठ दुमदुमला.

"अरे, म्या मागलं ते!" तानुबाई ओरडली. "त्यानं नाही, म्या!"

तिच्याकडे बघून बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. माणसे भराभर गावाच्या वाटेला लागली. पुढे चालणारे मागच्यांना आत्ताच सांगत होते, की शाहिराने मरतानाच ते गाणे परत घेतले होते.

मोतीराम तिच्याजवळ आला. "चाला, बाई. पयलं पान तुमचं मांडलं हाय."

ती जागची हलली नाही. तिच्या मुठी वळलेल्या होत्या.

"मोतीराम, म्या माफ नाही केलं त्याले."

"हाव, बाई," मोतीराम हळूच म्हणाला. "पन आता कोनाले पाह्यजे ते?"