नारळाचं मीठ

शिमगा झाला की उत्तमरावांच्या अंगात शेतकरी संचारायचा. एरवी हा माणूस पेणकरपाड्यातल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये चहावर चहा पीत पेपर वाचणारा. पण होळीची राख थंड झाली की लुंगी वर खोचून, फावडं घेऊन मागच्या अंगणात उतरलाच म्हणून समजा. अंगण तरी केवढं? बिल्डिंग आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली मातीची लांबट पट्टी. अर्धी त्यांची, अर्धी शेजारच्या दाजींची. पण गुहागरकडच्या माणसाला तेवढी जमीनही मिरवायला पुरते.

यंदाही त्यांनी पाचोळा काढला, माती उकरून उन्हात तापत टाकली, भेंडी-गवारीसाठी वाफे पाडले आणि शेवटी मोर्चा नारळाकडे वळवला. हा नारळ म्हणजे त्यांचं जुनं दुखणं. झावळ्या हव्या तेवढ्या, पण एक फळ धरेल तर शपथ! गावी त्यांचे वडील माडाच्या बुंध्याशी जाडं मीठ घालायचे आणि तिकडचे माड लगडायचे. मग काय, उत्तमराव पिशवी घेऊन दुकानात गेले.

"अंकल, इतना नमक? अचार डालना है क्या?" दुकानदाराने विचारलं.

"झाड को डालना है. तुमको नहीं समझेगा," उत्तमराव ऐटीत म्हणाले.

घरी आल्यावर त्यांच्या बायकोने, दुर्गाबाईंनी, पिशवीत डोकावून कपाळाला हात लावला. "अहो, इथे पूर्वी सगळी मिठागरंच होती. वर भराव टाकलाय नुसता. उन्हाळ्यात माती पांढरी पडते ती कशाने? त्यात आणखी मीठ घालताय? आणि गावी घालतात ते पावसाच्या तोंडावर, धुऊन जायला. आता कुठला पाऊस?"

"तुझं माहेर लालबागचं. तू मला माड शिकवू नकोस."

झालं. सगळं मीठ नारळाच्या आळ्यात गेलं आणि वरून पाइप सोडला. आळं भरून पाणी दाजींच्या बाजूला वाहू लागलं, कारण अंगणाला उतार तिकडेच होता. ते पाणी दाजींच्या अनंताच्या झाडाच्या बुडाशी जाऊन थांबलं. उत्तमरावांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि म्हाताऱ्याचं झाड फुकटात भिजलं म्हणून वर खूशही झाले.

दाजी म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचे दाजी. जन्म गिरगावच्या चाळीत गेलेला, मातीशी संबंध कुंडीपुरता. इथे राहायला आले त्या वर्षी काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, तो अनंत लावला होता. काकी गेल्या, झाड राहिलं. चैत्र लागला की त्याला पांढरीशुभ्र फुलं यायची आणि दाजी दोन्ही घरांच्या देवांना पुरतील एवढी काढून द्यायचे. झाडाशी बोलायचेसुद्धा. यंदा नळाला पाणी कमी येत होतं, म्हणून ते कपडे खळबळून उरलेल्या पाण्याची बादली रोज सकाळी अनंताला घालत. साबण त्यात नावापुरताच.

आठवड्याभरात अनंताच्या पानांच्या कडा करपल्या. मग कळ्या गळायला लागल्या.

"उत्तम, जरा ये रे इकडे," दाजींनी हाक मारली. "तू शेतकरी माणूस. याला काय झालं सांग बघू."

पान हातात घेताच उत्तमरावांना कळलं. करपलेली कड, मातीवरची पांढरी खार, वाळलेल्या ओघळाची खूण. आणि नेमकं तेव्हाच दाजींच्या पायाशी ती निळी बादली दिसली. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"दाजी, तुम्ही साबणाचं पाणी घालताय ना? त्यानेच झालंय."

दाजींचा चेहरा पडला. "म्हणजे मीच..."

"थोडे दिवस पाणीच बंद ठेवा. मुळांना आराम मिळेल," उत्तमरावांनी खोट्याला टेकू दिला आणि घरात सटकले.

दुर्गाबाईंनी खिडकीतून सगळं ऐकलं होतं. "लाज नाही वाटत? मीठ उतरलंय त्या झाडात, तुमचं. भरपूर पाणी सोडून माती धुतली तर अजून वाचेल. जाऊन सांगा त्यांना."

"सांगतो गं."

पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. दाजी देवळात गेले की गुपचूप पाइप सोडू, असा बेत त्यांनी केला. तर दाजींनी देऊळच सोडलं. खुर्ची टाकून ते सकाळ-संध्याकाळ अनंतापाशी बसायला लागले. आजाऱ्याच्या उशाशी बसतात तसे. येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच सांगायचे, "माझीच चूक. तिने एवढं वाढवलं आणि मी साबण पाजला." चोराच्या मनात चांदणं, दाजींनी नुसतं वर पाहिलं तरी उत्तमराव खिडकीचा पडदा ओढायचे. भेंडी उगवून आली, तिच्याकडे त्यांना बघवेना. चहाही कडू लागायचा. आपण एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या बायकोच्या झाडाचा मारेकरी ठरवून बसलोय, हे त्यांना जेवताना आठवायचं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मागून खणल्याचा आवाज आला. उत्तमराव धावत बाहेर गेले. अनंताचा पार खराटा झाला होता, आणि दाजी त्याच्या बुडाशी उकिडवे बसून खुरप्याने माती उकरत होते.

"गेलं रे," दाजी म्हणाले. "मी मारलं, मीच काढतो."

आता मात्र उत्तमरावांना राहवेना. ते तिथेच मातीत बसले.

"दाजी, तुम्ही नाही मारलं. मी मारलं. नारळाला मीठ घातलं, ते पाण्याबरोबर तुमच्याकडे उतरलं. साबणाचं मी खोटं बोललो. मला त्याच दिवशी कळलं होतं."

दाजींचं खुरपं थांबलं. उत्तमरावांना वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरंच वाटलं असतं.

"मग पाणी चालू ठेवलं असतं तर?" दाजींनी विचारलं.

एवढा एक प्रश्न त्यांनी विचारू नये, म्हणून उत्तमराव मनातल्या मनात देवाची विनवणी करत होते.

"जगला असता, दाजी."

दाजींनी मान हलवली. "रोज बादली भरायचो रे. सवयच ना. दारापर्यंत आणायचो. मग तुझं सांगणं आठवायचं आणि परत जाऊन मोरीत ओतायचो."

उत्तमरावांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दाजींनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी अनंताचं खोड दोन्ही हातांनी धरलं, हिसडा दिला, पण झाड काही निघेना.

"तू धर तिकडून," ते म्हणाले. "मला एकट्याला नाही निघत."

उत्तमरावांनी धरलं.