आटलेल्या घोंगडीची साक्ष

मी एक जुनी घोंगडी आहे. मित्रांनो, घाबरू नका, मी आता टोचत नाही. म्हणजे टोचते, पण ते झोंबतं ठरावीक माणसांनाच. त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

माझा जन्म नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातल्या एका गावात, खड्ड्यात झाला. खड्डा म्हटलं की लोकांना वाईट वाटतं, पण तो मागाचा खड्डा होता. मच्छिंद्र सनगर त्यात पाय सोडून बसायचे. पायांनी माग चालवायचे आणि हातांनी आडव्या सुताचा धोटा फेकायचे. बाहेरून फक्त कमरेच्या वरचे मच्छिंद्र दिसायचे. त्यामुळे गावातल्या लहान पोरांची समजूत होती की मच्छूकाकांना पायच नाहीत. एकदा ते एका लग्नाला चालत आले, तेव्हा दोन पोरं किंचाळून पळाली.

माझी लोकर भागूबाईंच्या मेंढ्यांची. मेंढ्या काळ्या होत्या, म्हणून मला रंग द्यावा लागला नाही. त्यांना ओढ्यात धुतलं, कातरलं, आणि लोकर पिंजायला बाबाजान पिंजारी धनुकली घेऊन आले. त्यांनी अशी मन लावून पिंजली की माझ्या आयुष्याचा पहिला आठवडा मी निम्मी त्यांच्या दाढीत काढला. मग भागूबाईंनी सूत कातलं आणि सुताला चिंचोक्याची खळ लावली. खळ म्हणजे चिंचेच्या बिया दळून शिजवलेली चिकट पेज. ती पिऊन मी इतकी ताठ झाले की मागावरून उतरल्यावर मला भिंतीला टेकवून उभी ठेवलं होतं. एका पाहुण्यानं मला दार समजून कडी शोधली.

आठ फूट लांब, साडेचार फूट रुंद, काळीभोर, दोन्ही कडांना पांढरी रेघ. अशी मी भागूबाईंच्या घरी आले आणि लगेच कामाला लागले. रानात माझी खोळ करून त्या डोक्यावर घ्यायच्या. नवं कोकरू जन्मलं की त्याला आधी माझ्यात गुंडाळायचे आणि मग त्याच्या आईला कळवायचे. तीस वर्षांत मी एकशे बारा कोकरं सांभाळली. त्यातलं एकही नंतर भेटायला आलं नाही. असो.

माझं खरं नाव झालं ते वेगळ्याच कामामुळे. आमच्या गावात रीत आहे. भांडण झालं की घोंगडी अंथरायची, पाच पंच बसायचे आणि ज्याच्यावर संशय असेल त्यालाही तिच्यावरच बसवायचं. घोंगडीवर बसून खोटं बोलायचं नाही. लोक म्हणायचे, घोंगडीला कळतं. मित्रांनो, खरं सांगते, मला काही कळत नाही. मी टोचते, एवढंच. खऱ्यालाही टोचते, खोट्यालाही टोचते. खरं बोलणारा माणूस खाजवतो आणि पुढे बोलतो. खोटं बोलणाऱ्याला वाटतं, आलं हिच्या ध्यानात! भीमा नावाच्या गृहस्थावर शेजाऱ्याची कोंबडी खाल्ल्याचा आरोप होता. "म्या न्हाई खाल्ली" एवढं वाक्य पुरं होईतो तो तीनदा सरकून बसला. चौथ्यांदा सरकला आणि म्हणाला, "अर्धीच खाल्ली."

आता मागच्या वर्षाची गोष्ट. गावात माग एकटा मच्छिंद्रांचाच उरला होता आणि त्यालाही काम नव्हतं. त्यांचा मुलगा राम नवा फ्रीज घेणार होता. फ्रीज ठेवायला घरात एकच जागा होती आणि नेमका तिथेच खड्डा होता.

"बाबा, खड्ड्यात मांजर व्यालंय," राम म्हणाला. "मागाचं काम कवाच बंद पडलंय. दिवाळीला मुरूम टाकून बुजवू."

"आन मोठं काम आलं तर?"

"आलं तर फ्रीज ओसरीत. माजा शब्द हाय."

मच्छिंद्र मागाकडे गेले. खड्ड्यात पाय सोडून बसले आणि बराच वेळ मांजराकडे पाहत राहिले. ही गोष्ट भागूबाईंच्या कानावर गेली आणि त्यांनी मोबाईल उचलला.

नगरमध्ये त्याच सुमारास जगभरातल्या हातविणीच्या शालींचं प्रदर्शन भरणार होतं. ते भरवणाऱ्या मंडळाचे सचिव म्हणजे भागूबाईंचे जावई, केडगावचे वैजनाथराव. भागूबाईंनी तिथे माझी जागा ठरवली. शिवाय जिल्ह्यातल्याच बेलापूरला फैयाज गादीवाल्याला निरोप दिला. फैयाज हा बाबाजान पिंजाऱ्यांचा मुलगा. पाठ दुखणारी गिऱ्हाइकं त्याच्याकडे हल्ली गादीबरोबर घोंगडी मागू लागली होती. "ये आन बघ मच्छूचं काम," भागूबाई त्याला म्हणाल्या. "पसंत पडलं तर घाऊक सांग."

वैजनाथराव मला न्यायला आले तेव्हा भागूबाईंनी बजावलं, "जावईबापू, धुऊ नका बरं का. झटका, उन्हात टाका, बास. लोकरीला कढत पानी चालत न्हाई."

"हो आई," वैजनाथराव म्हणाले. माणूस मोबाईलमध्ये बघत असताना जो 'हो' म्हणतो, तो हा 'हो' होता.

केडगावला माझा मुक्काम कपाटात होता. तिथे सत्काराच्या एक्केचाळीस शाली घडी घालून बसल्या होत्या. एकीनंही आजवर कुणाची थंडी घालवलेली नव्हती. त्या फक्त या खांद्यावरून त्या खांद्यावर गेल्या होत्या. त्यातली एक फिरत फिरत तिसऱ्यांदा वैजनाथरावांकडेच परत आली होती. तिच्या टोकाला त्यांनीच बॉलपेननं खूण केलेली होती. तिला मी विचारलं, "बाई, तू कशाची?" ती म्हणाली, "अभिमानाची." पुढे विचारायची सोय नव्हती.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी वैजनाथरावांनी माझा वास घेतला. वास मेंढीचा होता. मी मेंढीची असल्यामुळे तो गुलाबाचा असण्याची शक्यता कमीच होती. पण पुण्याहून पाहुणे येणार होते. भागूबाईंची मुलगी ज्योती, म्हणजे त्यांच्या पत्नी, बँकेत गेल्या होत्या. वैजनाथरावांनी मला मशीनमध्ये कोंबलं, सोबतीला उद्या खांद्यावर घ्यायची शाल टाकली आणि बटण साठ अंशांवर फिरवलं.

मित्रांनो, त्या दीड तासाबद्दल मी फार बोलणार नाही. मशीन चालत चालत न्हाणीघराच्या दारापर्यंत आलं, एवढंच सांगते.

आठ फुटांची मी पावणेचार फुटांवर आले. रुंदी सव्वादोन. जाडी मात्र दुप्पट. वैजनाथरावांनी मला बाहेर काढलं आणि उरलेली घोंगडी काढायला पुन्हा मशीनमध्ये हात घातला. उरलेली नव्हती. मग माझं एक टोक दाराच्या कडीला बांधून त्यांनी दुसरं टोक ओढलं. कडी निघाली. तेवढ्यात ज्योतीताई आल्या.

"अहो, हे काय, पायपुसणं आणलंत?"

"हो."

"आणि आईची घोंगडी?"

"मंडळात जमा केली."

दुसऱ्या दिवशी सभागृहात मला टेबलावर मांडलं आणि पुढे पाटी लावली, 'बाल-घोंगडी'. शेजारी मोठमोठी मंडळी होती. लडाखच्या बकऱ्यांच्या मऊ लोकरीची काश्मिरी पश्मिना होती. रशियातल्या ओरेनबुर्गची जाळीदार शाल होती, तीही बकरीच्याच लोकरीची. पेरूची अल्पाका होती. अल्पाका हा उंटाचा लांबचा भाऊबंद, पण उंटाला ते मान्य नसावं. कच्छचा ढाबळा होता, तो माझ्यासारखाच मेंढीचा, म्हणून जरा बरं वाटलं. मंडळाचा एक कार्यकर्ता पश्मिना अंगठीतून ओढून दाखवत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी अंगठीकडे पाहिलं आणि मान वळवली. आपण अंगठीतून गेलो तर थंडीत पांघरायचं काय?

अकरा वाजता भागूबाई, मच्छिंद्र आणि राम आले. पाठोपाठ फैयाज आला. त्यानं मला पाहिलं, पाटी वाचली आणि परत मला पाहिलं.

"मावशी, तू तर आठ फुटी म्हणालीस. ही माझ्या बकरीलापण पुरायची न्हाई."

भागूबाईंनी माझी पांढरी रेघ बोटानं चाचपली आणि जावयाकडे पाहिलं. वैजनाथराव घाईनं म्हणाले, "जुना माल आहे हो. वीणच कच्ची असणार. अशी आपोआप आटते कधीकधी."

मच्छिंद्रांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "माजी घोंगडी आपोआप आटत न्हाई," ते म्हणाले, पण इतक्या हळू की ते मलाच ऐकू गेलं.

"चला बाबा," राम म्हणाला. "फ्रीजचं माप घिऊन ठिवलंय म्या."

फैयाजनं गाडीची किल्ली खिशातून काढली. खड्ड्यात मुरूम पडायला आता तेवढंच बाकी होतं. तेव्हा भागूबाईंनी मला टेबलावरून उचललं, पश्मिनेच्या टाळ्या चालू होत्या तिथेच फरशीवर अंथरलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, बसा."

"आई, लोक बघतायत."

"बघू द्या. बसा."

वैजनाथराव बसले. पूर्वी माझ्यावर पाच पंच आणि एक आरोपी मावायचे. आता फक्त आरोपी मावला.

"आता सांगा. कशी आटली?"

"हवामानामुळे..."

मी टोचले.

"म्हणजे, दमट हवामान..."

ते सरकले. सरकायला जागा नव्हती, म्हणून परत मूळ जागी आले.

"मशीनला लावली."

"किती येळ?"

"दीड तास. साठ अंशांवर."

"आणि मला म्हणालात, पायपुसणं आणलंय!" मागे येऊन उभ्या राहिलेल्या ज्योतीताई म्हणाल्या.

सभागृहातल्या टाळ्या थांबल्या. अंगठीवालाही थांबला. फैयाज मात्र किल्ली परत खिशात टाकून माझ्याजवळ उकिडवा बसला.

"साहेब, मशीनमध्ये हिच्याबरोबर अजून काय होतं?"

"माझी शाल. ही काय, खांद्यावर."

"ती आटली?"

"नाही. जशीच्या तशी आहे."

फैयाजनं शालीचा काठ चिमटीत धरला आणि हसला. "ती कशी आटंल? प्लास्टिकच्या धाग्याची हाय. अब्बा सांगायचे, खरी लोकर कढत पाण्यात सोतालाच मिठी मारती. भेसळ असती तर एवढी आटलीच नसती ही. उठा साहेब जरा." त्यानं मला उजेडासमोर धरलं. आरपार काहीच दिसेना. "बघा. एक धागा तुटलेला न्हाई. मच्छूकाका, बारा पाहिजेत मला. आठ फुटी. आन प्रत्येकीला चिठ्ठी लावायची, मशीनला लावू नये."

"तेरा," भागूबाई म्हणाल्या. "तेरावी माजी. तिची लोकर जावईबापू पिंजतील."

मच्छिंद्रांनी पाठीमागचे हात पुढे आणले. रामकडे पाहिलं.

"ओसरीत," राम म्हणाला. "शब्द दिलाय म्हनल्यावर."

त्यानंतर वैजनाथराव चार रविवार बेलापूरला फैयाजकडे लोकर पिंजत होते. पाचव्या रविवारी त्यांचा कुठेतरी सत्कार झाला आणि ते भाषणभर शिंकले. तेरा घोंगड्या विणून झाल्या. मग आणखी काम आलं. फ्रीज ओसरीत आहे. त्याच्यावर मांजर बसतं, कारण त्याची खड्ड्यातली जागा मच्छिंद्रांनी परत घेतली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला थंड पाण्याशिवाय काही दाखवू नका. वर्षातून एकदा ऊन द्या, घडीत कडुनिंबाचा पाला ठेवा, आणि तिला ट्रंकेच्या तळाशी दडपू नका. पांघरलं की आम्ही टिकतो. आणि ज्यांनी विणलं, कातलं, पिंजलं त्या हातांना काम देत राहा, म्हणजे खड्डे बुजणार नाहीत.

माझं म्हणाल तर मी केडगावलाच आहे, बैठकीच्या खोलीत, फरशीवर. पाहुणे येतात आणि विचारतात, "ही एवढीशी घोंगडी कशी काय?" वैजनाथराव मुकाट्यानं येऊन आधी माझ्यावर बसतात, आणि मग सांगतात.