बक्षिसाचा पंखा आणि मी

मी बेटेगावातल्या एका ओट्यावरच्या खोक्यातला सुरक्षेचा स्विच बोलतोय. अंगावर ईएलसीबी असं छापलंय, पण त्या नावाने मला कुणी हाक मारत नाही. या घरात माझं नाव ‘पडका’. घरमालक खंडेरावांनी ठेवलेलं.

कारखान्यात तयार झालो तेव्हा मला एकच गोष्ट शिकवली: पडायचं. जेवढी वीज तारेतून गेली तेवढी परत आली पाहिजे. खंडेरावांच्या बायको, आमच्या सुगंधाताई, शेजारी कार्याला वाट्या देताना मोजून देतात आणि परत आल्या की मोजून घेतात, तसंच माझं. वीज वाट वाकडी करून माणसाच्या अंगातून जमिनीत जायला लागली, की मी खटका पाडतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत. या कामाचा मला भारी अभिमान आहे, उगाच विनय कशाला दाखवू?

बोईसरच्या दुकानातून मला जिवल्या वायरमन घेऊन आला. डोंगराकडच्या पाड्यावरचा माणूस, हात सुबक, बोलणं मोजकं. “भाऊ, भायेरच्या पॉइंटाला ह्यो पायजेच,” म्हणाला आणि मला बसवून गेला. दोन वर्षं मी आणि खाऱ्या वाऱ्याने गंजत चाललेली खोक्याची बिजागरी, सुखात होतो.

खंडेराव मूळचे साताऱ्याकडचे. तारापूरच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं झाली. तिथे हेल्मेटशिवाय पाऊल टाकत नाहीत, कुणी टाकलं तर त्याची खैर नाही. मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहात त्यांना पहिलं बक्षीस मिळालं, टेबलफॅन! लोखंडी जाळीचा, निळ्या पात्यांचा. तो ओट्यावर मांडला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. त्याची तीन पिनांची वायर जुन्या बोर्डात जाईना, म्हणून या सुरक्षावीराने घरी बसून ती कापली आणि दोन पिनांची जोडली; गळकी वीज जमिनीत नेणारी तिसरी पिन गेलीच. कारखान्यातली शिस्त गेटवरच जमा करून यायची असते, अशी या माणसांची समजूत असावी.

मग श्रावणात माझं पडणं सुरू झालं. रोज संध्याकाळी खंडेराव ड्युटीवरून यायचे, टाकी भरायला पंप लावायचे, नळावर पाय धुवायचे आणि ओल्या पायांनी ओट्यावर येऊन पंख्याचं तोंड आपल्याकडे वळवायचे. की मी पडलोच! पंप बंद, पंखा बंद, टाकी रिकामी.

“पंप लावला की पडतंय बघ हे!” ते ओरडायचे. “पडका कुठला!”

मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो पंप नाही, पंखा! पण मला फक्त पडता येतं.

एका रविवारी त्यांनी जिवल्याला बोलावलं. हातात तारेचा तुकडा तयारच होता. “याला काढ आणि डायरेक्ट जोड.”

मी गेलो, तर सोमवारी संध्याकाळी या माणसाला कोण वाचवणार?

“आदी बगू तरी,” म्हणत जिवल्याने सगळे प्लग काढले. माझं चाचणीचं, ‘टी’ लिहिलेलं बटण दाबलं. मी शहाण्यासारखा पडलो. “ह्यो बरा हाय.” मग एकटा पंप लावला, चालला. पंप काढून एकटा पंखा लावला. तोही मजेत फिरला. ओटा कोरडा, जिवल्याच्या पायात रबरी चपला, मी कशाला पडू?

“झालं ना समाधान? पंप चांगला, पंखा तर बक्षिसाचा. म्हणजे हाच बिघडलाय. जोड डायरेक्ट!”

जिवल्याने स्क्रू-ड्रायव्हर माझ्या स्क्रूला लावला. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या सुगंधाताई दारातच थबकल्या.

“अहो, तुमच्या हाताला मुंग्या येतात म्हणता ना रोज?”

“ते वयाचं आहे गं.”

“मग वय फक्त पंख्याला हात लावल्यावरच कसं होतं?”

जिवल्याने झटकन टेस्टर काढून चालू पंख्याच्या जाळीला टेकवला. आतला दिवा लालभडक पेटला.

जिवल्याने प्लग उपटला, पंखा उलटा केला. बुडाशी वायरचं कातडं फाटून तांबं लोखंडाला टेकलं होतं. “भाऊ, तिसरी पिन का कापली? आन ह्यो नसता तर तुमी नाय वाचत.”

खंडेरावांनी हातातला तारेचा तुकडा अंगणात भिरकावला. सुगंधाताईंनी चहाचा कप खाली ठेवला. “पंधरा दिवस रोज मरत होतात,” त्या म्हणाल्या, “आणि मी वर तुम्हाला चहा देत होते!” एवढं बोलून त्यांना रडूही आलं आणि हसूही.

पंख्याला नवी वायर लागली, तीन पिनांचा बोर्ड आला, खोक्याला पाणी न शिरणारं झाकण बसलं. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी खंडेराव, पाय पुसून, चपला घालून, माझं ‘टी’ बटण दाबतात. मी पडलो की “शाब्बास!” म्हणतात. नाव मात्र पडकाच राहिलं. चालेल मला.

परवा खंडेनवमी झाली. कारखान्यातली यंत्रं पुजून आलेल्या खंडेरावांनी खोक्यावर झेंडूची माळ लावली. सुगंधाताईंनी भक्तिभावाने फुलाने पाणी शिंपडायला हात उचलला, तोच खंडेरावांनी त्यांचं मनगट धरलं. “अगं, पाणी नको! हळदकुंकू लाव नुसतं, झाकणावर.”

तुमच्याही घरी माझा कुणी भाऊबंद असेल. तो सारखा पडत असेल तर त्याला शिव्या देऊ नका, तारेचा तुकडा तर शोधूच नका. आधी घरातल्या माणसांना विचारा, कुणाच्या हाताला मुंग्या येतायत का.