काजळीच्या दाण्यावरची लव

मित्रांनो, कॅमेरा आणि भिंग यांच्या मधल्या जागेत ज्याने आयुष्य काढले, असा मी एक जुना भाता आहे. लोहाराच्या भात्यासारख्या माझ्याही अंगाला घड्या आहेत. पण मी वारा घालत नाही, मी अंतर वाढवतो. भिंग कॅमेऱ्यापासून जितके लांब न्यावे, तितकी समोरची बारीक वस्तू मोठी दिसते. मुंगीच्या डोळ्यातली जाळी मी पाहिली आहे. याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

शहापूरच्या वाल्मिक यांनी मला तरुणपणी मुंबईच्या जुन्या बाजारातून आणले. बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नसराईत मला कोणी विचारत नसे. पावसाळ्यात गिऱ्हाईक आटले, की ते मला घेऊन जवळच्या शेणवे गावच्या बांधांवर जात. गोगलगायीचा डोळा, नाचणीचे फूल, कोळ्याच्या पायावरचे केस असे कितीतरी फोटो आम्ही काढले. दुकानात टांगलेल्या त्या चित्रांपुढे पासपोर्टच्या फोटोला आलेली माणसे थबकत, तेव्हा माझी घडीन् घडी सुखावे.

पुढे प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला. स्टुडिओचे दार आठवड्यातून दोनदाच उघडू लागले. मी अकरा वर्षे कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत पडून राहिलो. दमट हवेने माझ्या घड्या एकमेकींना चिकटल्या, कोपऱ्यांवर बुरशी आली.

गेल्या दिवाळीनंतर मुरबाडची भूमिका नावाची मुलगी दुकानात आली. ती शेतीशास्त्र शिकलेली. गावोगावच्या भाताच्या जुन्या वाणांची शेतकऱ्यांच्या नावाने सरकारदरबारी नोंद व्हावी म्हणून धडपडणारी. डोळखांबजवळच्या एका पाड्यावर हौसाबाई चाळीस वर्षे ‘काजळी’ नावाचे भात राखून होत्या. नोंदणी कार्यालयातल्या तपासणाऱ्यांचे म्हणणे असे, की हे दुसऱ्याच एका नोंदलेल्या वाणासारखे दिसते. आठ दिवसांत फरक दाखवला नाही, तर काजळी त्याच वाणात धरली जाणार होती आणि तिचे नाव कायमचे पुसले जाणार होते. मोबाईलच्या फोटोत तर दाणा नुसता दाणाच दिसत होता.

वाल्मिकनी मला खाली काढले. अंधाऱ्या खोलीत माझ्या पोटात दिवा धरला, तेव्हा तीन ठिकाणांहून उजेड बाहेर आला. त्या भोकांवर त्यांनी काळे कापड डिंकाने चिकटवले.

हौसाबाईंच्या ओटीवर आम्ही पहिला फोटो काढला. तो अत्यंत स्वच्छ आला आणि मी मनातल्या मनात फुललो. हौसाबाईंनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिले.

“ह्यो कोण?”

“तुमचाच दाणा, मावशी,” वाल्मिक म्हणाले.

“नाय. माझ्या दाण्याला लव असते. तू घासलास काय रे?”

“जरा पुसला. धूळ होती.”

“धूळ नाय ती, त्याची मिशी. मांडवात बसवायचाय काय त्याला, तोंड पुसून?”

भूमिका हसू लागली. वाल्मिक मात्र ओशाळले. आयुष्यभर त्यांनी कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला आधी रुमाल दिला होता; तीच सवय दाण्यालाही भोवली. माझा तो देखणा फोटो खोटा होता.

“आणि झोडणीच्या राशीतला दाणा कशाला घेतलास?” मावशी पुढे म्हणाल्या. “बियाणं आमी झोडत नाय. उभ्या पिकातून लोंब्या निवडून ठेवतो.”

त्यांनी आढ्याला टांगलेली जुडी उतरवली आणि एक लोंबी देठासकट पुढे धरली. त्यांची बोटे दाण्याला एकदाही लागली नाहीत.

मग खरे काम सुरू झाले. मी पूर्ण ताणला गेलो, की उजेड कमी पडतो आणि स्पष्ट दिसणारा भाग कागदाच्या जाडीएवढाच उरतो. म्हणून केसाएवढे पुढे सरकायचे, एक फोटो घ्यायचा, पुन्हा सरकायचे. नंतर संगणकावर ते सारे एकत्र करायचे. सारवलेल्या जमिनीवर कोणी पाऊल टाकले तरी चित्र हलत होते.

“भूमिका गो, ती कोंबडी धर,” मावशी कुजबुजल्या. “मी नवी नवरी होते तवाबी इतकी गप बसले नव्हते.”

साठ फोटो झाले. ते जोडल्यावर दाण्याच्या अंगावर दाट, सोनेरी लव उभी दिसली आणि टोकावर काजळाचा ठिपका. भूमिकाने त्या दुसऱ्या वाणाची लोंबीही आणली होती; तिचा दाणा तसाच टिपला, तो गुळगुळीत निघाला. फरक दाखवायला बोटही ठेवावे लागत नव्हते.

भूमिकाने दोन्ही फोटो मुदतीत पाठवले आणि होळीच्या सुमारास नोंदणी कार्यालयाचे पत्र आले. वाण: काजळी. राखणार: हौसाबाई. मावशींनी भूमिकाकडून ती ओळ दोनदा वाचून घेतली आणि पत्र बियाण्याच्या कणगीजवळ खोचून ठेवले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना पेटीत कोंडून ठेवू नका. आमच्या घड्या मधूनमधून मोकळ्या करा, कोरड्या जागी ठेवा. पण सर्वांत आधी आम्हाला काम द्या. आज शेजारच्या पाड्यावरची सावळी नावाची बाई आपल्या भाताची लोंबी घेऊन आली आहे. त्या भाताला नाव आहे, नोंद नाही. वाल्मिक मला हळूहळू ताणत आहेत. दार लोटून घ्या, आणि थोडा वेळ जमीन हलू देऊ नका.